कोरं विसावं

खुटवडांच्या मळ्यावर मुलांची वयं वाढत नसत; ती थोरल्याकडून धाकट्याकडे उतरत.

मुलं सात होती. अण्णा खुटवड दरवर्षी तालुक्याच्या कचेरीतून एक कोरं वय घेऊन येत. एका घराला वर्षाला एकच मिळे, मग घरात मुलं कितीही असोत. ते थोरल्या सुलक्षणेचं. तिनं अंगावरचं काढून विश्वासला द्यायचं, विश्वासनं आपलं अंबादासला, अंबादासनं लीलाला, लीलानं मधुकरला, मधुकरनं कांचनला आणि कांचननं सर्वांत धाकट्या रेणूला. रेणूच्या अंगावरून उतरलेलं वय ओढ्यापलीकडच्या सुतारांकडे जाई. त्यांच्याकडे पाच पोरं होती आणि ती माणसं कशालाच नको म्हणत नसत.

वय दिसायला बंडीसारखं असे. त्याची घडी होई, ते खुंटीला टांगता येई. धुतलं तर आटतं म्हणून कुणी धूत नसे, नुसतं उन्हात धरत.

अंजिराचा बहार संपला, शेवटची पाटी बाजाराला गेली, की जूनच्या पहिल्या रविवारी पडवीत उतरणी होई. देणाऱ्यानं वय नुसतं काढून द्यायचं नाही, आत काय काय आहे ते सांगून द्यायचं, असा घरचा रिवाज होता. "भाद्रपदात उंबरावरून पडशील, डावा हात सांभाळ." "पौषात गुडघ्यावर गळू येईल, फोडू नको, आपोआप फुटतं." रेणूपर्यंत वय पोचे तेव्हा त्यातलं सगळं सहा वेळा होऊन गेलेलं असे. अकराव्यात रेणू उंबरावरून पडली तेव्हा खाली चौघं घोंगडी धरून उभी होती आणि आईनं चुलीवर हळद आधीच गरम करून ठेवली होती.

शाळाही घरीच होती. आई लग्नाआधी शिक्षिका होती आणि एका वर्गात चाळीस पोरांना तेच तेच चाळीस वेळा सांगणं तिला नासाडी वाटे. मळ्यावर तिनं फक्त सुलूताईला शिकवलं. सुलूताईनं अकराव्यात दशांश अपूर्णांक शिकले, ते अकराव्यातच राहिले आणि वयाबरोबर खाली उतरले. बाकीचे सहा जण सकाळी पाटी घेऊन बसत ते नुसते उजळणीला. पाहुणे तोंडात बोटं घालत.

या पद्धतीत एकच खोट होती. सुलूताई दहाव्यात असताना आईनं खळ्यावर राखेनं महाराष्ट्राचा नकाशा काढला होता आणि सुलूताई त्याच्या उलट्या बाजूला बसली होती. पुढच्या वर्षी आईनं चूक दुरुस्त केली, पण ती दुरुस्ती गेली अकराव्यात. त्यामुळे खुटवडांच्या प्रत्येक मुलासाठी नागपूर एक वर्षभर सावंतवाडीच्या शेजारी असे आणि मग एका रविवारी आपल्या जागी जाई.

सोळाव्याची गोष्ट वेगळी. सुलूताई सोळाव्यात असताना मार्गशीर्षात विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला एक तरुण आला होता. चार दिवस राहिला, पंप नीट केला, चहा घेतला आणि गेला. सुलूताई आठवडाभर जेवली नाही. पुढच्या मार्गशीर्षात सोळावं अंगावर होतं विश्वासच्या. तो पंपाजवळ बसून ढसाढसा रडला आणि विचारलं तर म्हणाला, "मला काय ठावं? सुलूताईला विचारा." नंतर अंबादास रडला. मग लीला.

रेणूला या सगळ्याचा मनापासून राग होता. तिच्या वाट्याला कधी काही नवं आलंच नाही. तिचं पडणं-झडणं, रुसणं-फुगणं, पाढे, कारल्याची चीड, सगळं कुणाच्या ना कुणाच्या अंगाचं होतं. फक्त एक गोष्ट वरून आली नव्हती. गायबैल आजारी पडलं की ती बिनदिक्कत त्याच्या तोंडात हात घाली, जीभ बाहेर काढून बघे. आईनं साही जणांना विचारलं. तसलं काही आपण आत ठेवलेलं नाही असं प्रत्येकानं शपथेवर सांगितलं. तेव्हा रेणूनं ठरवलं की आपण दहावी व्हायचं आणि जनावरांच्या डॉक्टरकीची पदविका करायला वसतिगृहात जायचं. साही जणांपैकी कुणी मळा सोडून गेलं नव्हतं. तिला तिथंच जायचं होतं, जिथं आधी कुणी पडलेलं नाही.

आणि नेमकी तेव्हाच उतरणी थांबली.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये अण्णांनी विसावं आणलं. सुलूताईनं ते एक दुपारभर घातलं, काढलं, माजघरातल्या खुंटीला टांगलं आणि म्हणाली, "बोचतंय. मला नको." वाटलं, घालेल आठ दिवसांनी. तिनं घातलं नाही. पुढच्या जूनमध्ये अण्णा एकविसावं आणायला गेले, तर कचेरीतल्या माणसानं सांगितलं की आधीचं वापरात आणा, मग पुढचं मिळेल.

सुलूताई एकोणिसाव्यात बसून राहिली, म्हणून विश्वास अठराव्यात, अंबादास सतराव्यात, आणि खालपर्यंत सगळे जागच्या जागी. मधुकरचा आवाज पंधराव्यात फुटायला लागला होता, तो अर्धाच फुटून राहिला. तो बैलांना हाक मारी ती दोन आवाजांत, आणि बैलांपैकी एक एका आवाजाला वळे, दुसरा दुसऱ्याला. लीलानं पंपवाल्यासाठी दुसऱ्यांदा आठवडाभर उपास काढला. रेणूच्या गुडघ्यावर तेच गळू तिथंच पुन्हा आलं.

या वर्षीच्या सप्टेंबरात रेणू बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली. सोबत विश्वास होता. खिडकीमागे गोडांबे नावाचे गृहस्थ बसले होते. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि रेणूकडे पाहिलं.

"वय?"

"तेरा."

"केव्हापासून?"

"दोन वर्षं तीन महिने."

"चौदा लागतं."

"पण साहेब," विश्वास म्हणाला, "जन्मतारखेनं बघितलं तर ती पंधराच्या वर जाती."

"जन्मतारीख जन्माची असते," गोडांबे शांतपणे म्हणाले. "आम्ही अंगावरचं बघतो. चौदा घालून या. तीस तारखेला खिडकी बंद होते."

"चौदावं कांचनच्या अंगात हाय," रेणू म्हणाली, "आणि ती काढत नाय, कारण तिला मधूचं मिळत नाय."

"म्हणजे वरती अडलंय."

"सगळ्यात वरती. सुलूताई कोरं घालत नाय."

गोडांब्यांनी मागच्या कपाटातून एक जाडजूड नियमावली काढली, फुंकर मारली आणि बराच वेळ पानं उलटली. "कोरं वय घरातल्या थोरल्यानंच प्रथम घालावं," ते शेवटी म्हणाले, "असा नियम नाही. ती प्रथा दिसते. प्रथेबद्दल आमच्याकडे फॉर्म नाही." आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी परतल्यावर रेणू सरळ अंजिराच्या बागेत गेली. सुलूताई वटवाघळांसाठी जाळी बांधत होती. रेणूनं तिला तोंडावर विचारलं, "तू का घालत नायस? तुझ्यापायी माझा फॉर्म बुडतोय. तुला दरवर्षी नवं कोरं मिळतं आणि तूच नखरे करतीस?"

सुलूताईनं जाळीची गाठ मारली. "तुला नवं हवं असतं नं?" ती म्हणाली. "ऐक मग. नवव्यात आजी गेली. मरणं म्हणजे काय ते मला कुणी सांगून दिलं नव्हतं. चार दिवस मी तिचं ताट वाढत होते आणि आई माझ्यामागून ते उचलत होती. तुमच्या नवव्यात ते ठाऊकच होतं तुम्हाला. मीच सांगितलं होतं. प्रत्येक वर्षी तेच. मी आधी जायचं, ठेचकाळायचं, मग मागं वळून सांगायचं, इथं दगड हाय. एकोणीस वर्षं झाली रेणू, माझ्या अंगाला एकदाही काही मऊ लागलं नाय. विसावं खुंटीवर हाय म्हणून मी माजघरातून जायचं सोडलंय."

रेणूला सुलूताईची कधी कीव आली नव्हती. थोरल्या बहिणीची कीव करायची असते हे कुणी तिला सांगून दिलं नव्हतं. तिला रडू आलं आणि राग तसाच राहिला.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर पडवीत बैठक बसली. रेणूनं गोडांब्यांचं म्हणणं सांगितलं.

"म्हणजे कुणीही घातलं तरी चालतं?" आईनं विचारलं.

"नियम नाय म्हणाले."

अण्णांनी आईकडे पाहिलं. "मग थोरल्यानंच कोरं घालायचं हे ठरवलं कुणी?"

"तुम्हीच."

"मी कधी?"

"सुलू एकटीच होती तेव्हा."

आईनं एकेकाला विचारायला सुरुवात केली. विश्वास म्हणाला, त्याला घालायला हरकत नाही, पण त्याचे खांदे रुंद आहेत, शिवण जाईल. अंबादास म्हणाला की त्याला आधी कुणीतरी घातलेलं बरं वाटतं. लीला म्हणाली की सोळाव्यानंच तिचं कंबरडं मोडलंय. मधुकर काहीतरी म्हणाला, पण ते दोन आवाजांत आल्यामुळे कुणाला कळलं नाही. वर्षानुवर्षं वापरलेल्याची कुरकुर करणारी सहा माणसं होती आणि कोऱ्याला हात लावायला एक पुढे येईना.

"मी घालते," रेणू म्हणाली. "आठ दिवस. मऊ पडलं की सुलूताईला देते. नवी चप्पल धाकट्यानं आधी घालून द्यायची तसं."

"तुला मोठं होईल ते," आई म्हणाली.

"वय हाय आई. मोठं व्हायलाच घालतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणूनं तेरावं काढून खुंटीला अडकवलं आणि त्याच खुंटीवरचं विसावं घातलं. उंची एका दमात वितीनं वाढली. काखेत बोचत होतं, मान वळवली की करकरत होतं. तिनं आत चाचपून बघितलं. आत काहीच नव्हतं. ना गळू, ना पाढा, ना पंपवाला. तिनं सवयीनं विचारलं, "मग आता काय होणार?" आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

विसावं अंगावर असल्यानं रेणू आता घरात थोरली झाली. कांचन तिला "रेणूताई" म्हणाली, नाराजीनं का होईना. पाणी कुणी धरायचं, म्हशी कुणी न्यायच्या, कुणाची चूक आणि कुणाचा कांगावा, सगळं तिच्याकडे आलं. पहिल्याच दिवशी तिनं विश्वास आणि अंबादासचं खुरप्यावरून लागलेलं भांडण ऐकलं, निवाडा दिला, आणि दोघांनी मिळून तिच्याशी बोलणं सोडलं. हे सुलूताई रोज कसं करत होती हे तिला उमगेना.

आणि सुलूताई? ती एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणाची तरी धाकटी झाली. मंगळवारी ती उन्हं अंगावर येईपर्यंत झोपली. बुधवारी तिनं मधुकरशी सीताफळावरून भांडण काढलं आणि तक्रार घेऊन रेणूकडे आली. रेणूनं तिला समोर बसवून केसांना तेल लावून दिलं. सुलूताई डोळे मिटून बसली होती आणि मधेच म्हणाली, "जरा जोरात लाव की गं ताई." तेव्हा दोघींना हसू फुटलं.

गुरुवारी कपिला गाय अडली. वासराचा एक पाय मागे दुमडला होता. तालुक्याचा डॉक्टर तीन तासांवर. अण्णा गोठ्यात आले, रेणूकडे बघितलं आणि म्हणाले, "काय करायचं?" आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. अण्णांनी उत्तरासाठी तिच्या तोंडाकडे बघणं हे रेणूच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. आत चाचपावं तर विसावं रिकामं. तिनं दंडापर्यंत तेल लावलं, हात आत घातला आणि बोटांनी खूर शोधत राहिली. विसाव्याचा हात लांब होता, जोरही होता. कितीतरी वेळानं पाय सरळ झाला. वासरू बाहेर आलं, शिंकलं आणि धडपडत उभं राहिलं. रेणू गोठ्यामागे गेली आणि भीतीनं हुंदके देऊन रडली. भीती झाल्यानंतर येते हेही तिला नवीनच होतं.

शनिवारी सकाळी ती दुसऱ्यांदा रडली. आई ओट्यावर बसून कांचनची पाटी तपासत होती. अक्षर दिसेना म्हणून तिनं पाटी हातभर लांब धरली, मग आणखी लांब. रेणू ताक घुसळता घुसळता थांबली. आई-अण्णांना वय कोण देतं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. त्यांना वरून कुणी काही सांगून देत नव्हतं आणि तरी त्यांचं वाढत होतं, सगळ्या उतरण्या बंद असताना गेली दोन वर्षंसुद्धा वाढत होतं. आईनं वर पाहिलं आणि विचारलं, "काय गं?" रेणू म्हणाली, "काही नाही," आणि परसात जाऊन पोटभर रडली. तेराव्यात असती तर एवढ्यात आईला घट्ट मिठी मारून मोकळी झाली असती. विसाव्यात तिला परसात जावं लागलं.

रविवारी विसावं मऊ पडलं. कुठं बोचत नव्हतं, करकर थांबली होती. सोमवारी उतरणी ठरली होती आणि मंगळवारी तीस तारीख.

पण सुलूताई बिचकली. "तूच ठेव ते," ती तुळशीपाशी म्हणाली. "शोभतंय तुला. मी धाकटीच बरी. अगं, फॉर्मला चौदा लागतं नं? तुझ्या अंगावर वीस हाय. उद्या जा आणि भरून ये."

हे खरंच होतं. गोडांब्यांनी मुकाट्यानं शिक्का मारला असता. रेणू फॉर्म घेऊन पडवीत बसली. तिनं नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग तिच्या मनात आलं, आपण वसतिगृहात गेलो तर पाणी कोण वाटणार? विश्वास आणि अंबादासचं कोण ऐकून घेणार? आईला पाटी दिसत नाही, कांचनचं शुद्धलेखन कोण बघणार? कपिला पुन्हा अडली तर? पुढच्या वर्षी जावं. बाग छाटून झाली की जावं. अशी सात कारणं तिला एका दमात सापडली आणि सातही पटली. तिच्या लक्षात आलं की विसाव्यात तिला फॉर्म भरता येईल, पण मळ्याचं फाटक ओलांडता येणार नाही. इथून जायचं तर चौदाव्यातच जायला हवं, जेव्हा माणसाला फक्त आपली पिशवी दिसते. सुलूताई कुठंच का गेली नाही, तेही तिला त्याच वेळी कळलं.

त्याच्या बदल्यात वासराचा पाय सरळ केलेला हात द्यावा लागणार होता. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः शिकलेली गोष्ट, आणि ती विसाव्यात राहणार. हे तिला फार लागलं. ती बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसली.

सोमवारी सकाळी सगळे पडवीत जमले. रेणू उभी राहिली आणि विसावं अंगावर असतानाच सांगायला लागली, कारण काढल्यावर तिला आठवणार नव्हतं.

"सुलूताई, ऐक. काखेत आता बोचत नाय, मी पहिल्या तीन दिवसांत सोसलंय. भांडणाचा निवाडा करशील तर दोघंही रुसतील. दुसऱ्या दिवशी आपोआप येतात, तू जाऊ नको. अण्णा प्रश्न विचारून वाट बघतील. घाबरू नको, त्यांनाही ठाऊक नसतं. यात एक वासरू हाय, पाय दुमडून आलेलं. खूर मिळेपर्यंत हात बाहेर काढू नको. यात रडून झालंय, दोनदा. एक भीतीचं हाय. दुसरं आईच्या पाटीचं हाय, ते जरा सांभाळून घे."

सुलूताई तोंड उघडं टाकून ऐकत होती. तिला कुणी सांगून देण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि मधे हुंकार द्यायचा असतो हेही तिला माहीत नव्हतं.

रेणूनं विसावं काढलं. एकदम लहान झाली आणि तेरावं चढवून गुडघा खाजवायला लागली. सुलूताईनं एकोणिसावं उतरवलं आणि विसाव्यात एक हात घातला, मग दुसरा.

"ऊब हाय गं याला," सुलूताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "कुणीतरी घातलेलं हाय हे!"

"मी घातलं होतं," रेणू म्हणाली.

"आणि आईच्या पाटीचं काय म्हणालीस? काय होतं त्यात?"

रेणूनं आठवून बघितलं. "काय की. रडले होते खरी. तेराव्यात मावत नाय ते."

सुलूताईनं आईकडे पाहिलं. आई शेवटच्या पायरीवर बसून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. सुलूताई उठली, तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवून दिला आणि तिथंच तिच्याशेजारी बसली.

मग पुढची उतरणी पाव तासात झाली. विश्वासला एकोणिसावं मिळालं, अंबादासला अठरावं. लीलानं सोळावं मधुकरच्या हातात कोंबलं आणि म्हणाली, "मार्गशीर्षात पंपाकडं जाऊ नको. गेलास तर रुमाल ने." मधुकरनं ते घातलं आणि "बरं" म्हणाला ते एकाच, खोल आवाजात, आणि गोठ्यातल्या दोन्ही बैलांनी एकदम मान वळवली. कांचननं चौदावं काढून रेणूला दिलं आणि आत काय काय आहे ते भराभर सांगितलं. रेणूचं अर्धं लक्ष एसटीकडे होतं.

मंगळवारी गोडांब्यांनी रेणूला आपादमस्तक न्याहाळलं. "चौदाच आहे ना?"

"हो. सहा जणांनी घातलेलं."

"चालतं," ते म्हणाले आणि शिक्का मारला.

रेणू मार्चमध्ये दहावी झाली आणि जुलैत वसतिगृहात गेली. फाटकापाशी तिनं मागं वळून हात केला, पण सगळ्यांना तो तिच्या पिशवीचा बंद सरकवण्याचा प्रकार वाटला. मळ्यावर एक नवा प्रश्न उभा राहिला: पुढचं कोरं आता मऊ कोण करणार? मऊ करण्यापुरतं घातलेलं सोडलं तर वय वर्ष भरल्याशिवाय खाली देता येत नाही, म्हणून उतरणी आता सप्टेंबरात येई. अण्णांनी एकविसावं आणलं. या वेळी चिठ्ठ्या टाकल्या आणि मऊ करायची पाळी मधुकरवर आली. त्यानं आठ दिवस एकविसावं घातलं आणि त्यात मिशी वाढवून बघितली. सुलूताईला ते मिळालं तेव्हा पहिले चार दिवस तिला बोलता बोलता वरच्या ओठाशी पीळ द्यायची सवय लागली होती. बाकी काही तक्रार नव्हती.

त्याच आठवड्यात वसतिगृहात रेणूच्या नावानं एसटीनं पार्सल आलं. पहारेकरी काकांनी ते हातात तोलून बघितलं.

"काय हाय?"

"पंधरावं असेल, काका. घरून आलंय."

"नोंद कर मग," ते म्हणाले आणि वही पुढे सरकवली. खाण्याचे जिन्नस, कपडे आणि इतर असे तीन रकाने होते. रेणूनं 'इतर'मध्ये लिहिलं.

खोलीत जाऊन तिनं दोरी सोडली. पंधरावं कोपरांशी विरलं होतं आणि कॉलरपाशी लीलाच्या हातचे दोन टाके होते. सोबत चिठ्ठी होती, कांचनच्या गिचमिड अक्षरात: मधूचा आवाज फुटला तो यात, पण तुला त्याचं काही नाही, संक्रांतीला दात दुखेल, उजवा, लवंग धर, भूमितीचं सगळं मागच्या बाजूला आहे, शिमग्यात अंबादास पडला होता, तिथं जपून.

खाली थोडी जागा सोडून सुलूताईनं लिहिलं होतं.

"चि. रेणूस. कांचननं लिहिलंय ते सगळं बरोबर आहे, पण ते मळ्यावरचं. पंधराव्यात आपल्यापैकी कुणी घराबाहेर राहिलं नव्हतं, त्यामुळे तिथं यात काय निघेल ते आम्हा सहा जणांपैकी कुणालाच माहीत नाही. तुला सांगून देता येत नाही, याचं वाईट वाटतं. तू सगळ्यांत धाकटी, हे वय आमच्याकडे परत येणार नाही. म्हणून जे होईल ते पत्रानं कळव. आम्ही वाट बघतो."